जिना पाठमोरा उतरणारा गृहस्थ

इ. स. १८६२ च्या उन्हाळ्यात लंडनमधील एक सुखवस्तू गृहस्थ आपल्या घराचा जिना पाठमोरा उतरत असे. सरळ तोंडाने उतरू लागले की देहाचा सारा भार गुडघ्यांवर व घोट्यांवर येई आणि तो त्याला सोसत नसे. बुटाची नाडी बांधण्याइतके वाकणेही त्याला अशक्य झाले होते. वय ६६ च्या घरात, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. रस्त्यात, सार्वजनिक गाडीत लोक काहीबाही बोलत, म्हणून त्याने चारचौघांत जाणेही कमी केले होते. त्याचे नाव विल्यम बँटिंग. घराण्याचा धंदा लाकूडसामान व अंत्यविधीची व्यवस्था यांचा. इंग्लंडच्या राजघराण्यातील अंत्ययात्रांची तयारी पिढ्यान्‌पिढ्या याच पेढीकडे असे, आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा १८५२ मधील अंत्यविधीही तिनेच पार पाडला होता.

कोणता पदार्थ खाल्ला असता कमरेचा घेर उतरेल, हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. लिंबू, मध, दालचिनी, जिऱ्याचे पाणी, व्हिनेगर अशी उत्तरेही तितक्याच तत्परतेने मिळतात. या प्रश्नाचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा बँटिंगपाशी मी अधिक काळ रेंगाळलो. कारण त्याने आपल्या देहाचा जमाखर्च एखाद्या चोख कारकुनाप्रमाणे मांडून ठेवला आहे.

हा गृहस्थ आळशी नव्हता. वजन वाढू लागताच त्याने एका नामांकित डॉक्टराचा सल्ला घेतला. डॉक्टरांनी अंगमेहनत सांगितली. बँटिंगने रोज पहाटे दोनदोन तास नाव वल्हवण्यास प्रारंभ केला. दंडांत बळ आले, पण त्याबरोबर भूकही अशी प्रचंड लागू लागली की वजन घटण्याऐवजी वाढले. मग समुद्रस्नाने झाली, घोड्यावरची रपेट झाली, ठिकठिकाणच्या औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले. तुर्की पद्धतीची वाफेची स्नाने त्याने पन्नासपर्यंत घेतली, त्यांचे फळ म्हणजे सहा पौंडांची घट. वीस वर्षे असे चालले होते.

शेवटी कान बिघडले. ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वे या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेला. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो निराळा, त्याला होऊन दोनशे वर्षे झाली होती.) या डॉक्टराने कान तपासले आणि खरे दुखणे कानात नसून चरबीत आहे, असे सांगितले. हार्वे पॅरिसला जाऊन आलेला होता. तेथे क्लोद बेर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाने यकृत स्वतः साखर निर्माण करते, असे दाखवून दिले होते व त्याची चर्चा सर्वत्र चालू होती. मधुमेहात साखर व पिष्ट पदार्थ वर्ज्य करतात. पशूंना पुष्ट करावयाचे तर त्यांना नेमके हेच पदार्थ चारतात. मग स्थूल माणसाकडून ते काढून घेतले तर काय होईल, असा विचार त्याने केला. सहा पदार्थ वर्ज्य सांगितले: पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे.

बँटिंग गोंधळला. आयुष्यभर तो मुख्यतः याच सहा पदार्थांवर जगला होता. सकाळी पाव-दूध किंवा भरपूर दूध-साखर घातलेला चहा आणि लोणी लावलेले टोस्ट. दुपारी मांस, पण त्याच्या जोडीला पाव, बिअर आणि आवडीची गोड पेस्ट्री. चौथ्या प्रहरी पुन्हा सकाळसारखे. रात्री फळांचा गोड पदार्थ नाही तर पुन्हा पाव-दूध. याच्या जागी आता तीन वेळा मिळून बारा ते पंधरा औंस मांस किंवा मासे आले, बटाटा सोडून हवी ती भाजी आली, थोडी फळे आणि एकदोन औंस कोरडे टोस्ट. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मद्याच्या बाबतीत मात्र हार्वेसाहेब उदार होते. क्लॅरेट किंवा शेरीचे दोनतीन पेले जेवताना, एकदोन रात्री, आणि गरज वाटल्यास निजण्यापूर्वी आणखी एक पेला. या भागाचे अनुकरण करण्याची शिफारस आजचा कोणताही डॉक्टर करणार नाही.

वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरले. कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. जिना सरळ उतरता येऊ लागला, कानही सुधारले. बँटिंगने १८६३ साली स्वखर्चाने एक चोपडी छापली. देहस्थूलतेविषयी जनतेस लिहिलेले पत्र, असे तिचे स्वरूप आहे. प्रारंभी ती त्याने फुकट वाटली. पुढे मागणी अनावर झाली तेव्हा किंमत ठेवली आणि आलेला नफा दानधर्मास दिला. तिच्यात एक मजेदार कल्पना आहे. गवत व दाणा खाणाऱ्या घोड्याला वालासारखे पौष्टिक कडधान्य प्रसंगी उपयोगी पडते, पण रोज घातले तर बाधते. तसेच उतारवयातील माणसाला हे सहा पदार्थ बाधतात, म्हणून त्यांना तो माणसाचे वाल म्हणतो. आपल्याकडे घोड्याच्या तोबऱ्यात हरभरे घालणाऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

वैद्यकीय नियतकालिकांनी त्याची टर उडविली. एका अंत्यविधीवाल्याने आरोग्यावर लिहावे, हे त्यांना रुचले नाही, आणि पहिल्या आवृत्तीत डॉक्टरचे नाव नव्हते, हेही एक निमित्त मिळाले. लोकांनी मात्र चोपडी डोक्यावर घेतली. इंग्रजीत त्याच्या नावाचे क्रियापद झाले. इंग्रजीतून ते पुढे मागे पडले, पण स्वीडिश भाषेत वजन उतरविण्यासाठी बेताने खाणे या अर्थी ‘बांटा’ हे क्रियापद आजही रोजच्या बोलण्यात आहे.

बँटिंगची पेढी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर होती. त्याच रस्त्यावर मद्यव्यापाऱ्यांचे एक जुने दुकान आहे. कॉफीची पोती तोलण्याच्या तेथील मोठ्या तराजूत अठराव्या शतकापासून प्रतिष्ठित गिऱ्हाइके आपले वजन करून घेत व त्याची वहीत नोंद होई. कवी बायरनच्या नोंदी त्या वहीत आहेत. १८०६ ते १८११ या पाच वर्षांत त्याचे वजन चार स्टोनांहून अधिक, म्हणजे २५ किलोंहून अधिक उतरले. बायरनला लठ्ठपणाची भीती जन्मभर होती. तो उपास काढी आणि बटाटे व्हिनेगरमध्ये कालवून खाई. व्हिनेगरने देह सडपातळ होतो, ही समजूत त्या काळी युरोपात रूढ होती.

ती किती जीवघेणी ठरू शकते, हे ब्रिया-सावारँ या फ्रेंच न्यायाधीशाने नोंदवून ठेवले आहे. त्याचा रसनाशास्त्रावरील ग्रंथ १८२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. खाण्यापिण्याच्या आनंदावरील या ग्रंथात स्थूलतेवरही प्रकरण आहे. पीठ व पिष्टमय पदार्थ हेच तिचे मुख्य कारण, असे त्याने बँटिंगच्या ३८ वर्षे आधी म्हटले. स्वतःचे पोट आवरण्यासाठी पट्टा बांधण्याचा उपायही सांगितला. त्याच प्रकरणात तो आपल्या तारुण्यातील एका परिचित मुलीची हकीकत सांगतो. सुदृढ, देखणी मुलगी. कोणाच्या तरी सांगण्यावरून बारीक होण्यासाठी रोज सकाळी पेलाभर व्हिनेगर घेऊ लागली. ती बारीक झाली, खंगली आणि ऐन तारुण्यात वारली. अडीचशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. व्हिनेगरच्या बाटल्या मात्र पुन्हा दुकानांत याच कामासाठी मांडलेल्या दिसतात.

आपल्याकडे या विषयाचा विचार याहून फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा एकविसावा अध्याय आहे. लोकांत निंदेस पात्र होणाऱ्या आठ प्रकारच्या देहांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार तेथे विस्ताराने येतो, आणि दोघांत कृश माणूस बरा, असा कौल दिला आहे. कारण स्थूलाची चिकित्सा अवघड. वैद्याची अडचण अशी की, पोटातील अग्नी प्रदीप्त झाल्यामुळे स्थूलाला भूक अनावर लागते. उपास घडविले तर तो सहन करीत नाही आणि पोषक अन्न दिले तर मेद वाढतो. यावर चरकाची तोड मोठी मार्मिक आहे. पचनास जड, पण पोषणास हलके असे अन्न द्यावे. पोट भरल्याचे समाधान व्हावे, पण अंगी लागू नये. म्हणून तो सातू म्हणजे यव सांगतो, मूग, कुळीथ, वरी-कोद्रूसारखी तृणधान्ये सांगतो, आवळा सांगतो. भरपूर चोथा असलेले अन्न भूक लवकर शमविते, हे आजचे आहारशास्त्रही मान्य करते. चरकाची उपपत्ती आज आपण जशीच्या तशी स्वीकारणार नाही, परंतु निरीक्षण अचूक होते यात शंका नाही.

मध-पाणीही चरकाच्या यादीत आहे. तथापि तापविलेला मध त्याच चरकाने घातक म्हणून निषिद्ध मानला आहे. सकाळी कढत पाण्यात मध घालून तो आयुर्वेदाच्या नावाने पिणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसावा. त्याच अध्यायात जागरण, व्यायाम आणि चिंतन ही क्रमाक्रमाने वाढवावीत, असेही सांगितले आहे. पैकी शेवटच्या उपायाविषयी मी साशंक आहे. सरकारी कचेऱ्यांत चिंतेला तोटा नसतो, पण खुर्चीत बसून केलेल्या चिंतेने कोणाचा पट्टा एक भोक आत सरकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मग बँटिंगचे वजन उतरले ते कशाने? मांसाने नव्हे. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याच्या देहाची उष्णता मोजली आणि अन्नाचा हिशेब कॅलरीत मांडण्याची पद्धत रूढ केली. एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात सुमारे ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थात ९, मद्यार्कात ७. या हिशेबाने पाहिले असता पाव, लोणी, साखर, बिअर व पेस्ट्री ही सारी एकदम गेल्यावर बँटिंगच्या रोजच्या अन्नातून केवढा भाग उणा झाला असेल, हे उघड आहे. शिवाय मांस व भाजी यांनी पोट भरल्यासारखे वाटत असल्यामुळे त्याला उपाशी राहावे लागले नाही. जे ताटात आले त्याहून जे ताटातून गेले, त्याचा प्रभाव अधिक. पिष्ट टाळावे की स्निग्ध टाळावे, हा वाद पुढे दीडशे वर्षे चालला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ स्त्रीपुरुषांवर वर्षभर प्रयोग करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: स्निग्ध कमी खाणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, पिष्ट कमी खाणाऱ्यांचे ६ किलो. हा फरक लक्षात घेण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खाण्यास आणि साखर, मैदा टाळण्यास सांगितले होते. केवळ कमरेवरची चरबी वेचून काढील, असा पदार्थ कोणालाही सापडलेला नाही.

मात्र कमरेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ साली दाखवून दिले की, चरबी किती यापेक्षा ती कोठे साठते, याला महत्त्व आहे. पोटाभोवतीची चरबी मधुमेहाशी व हृदयविकाराशी अधिक निगडित असते. आणि येथे या इतिहासाचा धागा पुण्यास येऊन पोहोचतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन यडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, निर्देशांक २२.३. अंगातील चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसण्यात दोघेही सडपातळ!

म्हणूनच भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर झाली की सावध व्हावे, असे आज सांगतात. गोऱ्या लोकांसाठी ही मर्यादा बरीच सैल आहे. याचे कारण आपल्या खादाडपणात शोधणे अन्यायाचे होईल. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, बेताचे खाणाऱ्या या स्त्रिया. त्यांची नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी, आतली इंद्रिये लहान. चरबीचा थर मात्र त्या मानाने टिकून राहिलेला. बँटिंगचा घेर त्याच्या ताटातून आला होता. या मुलांच्या देहाची ठेवण त्यांनी पहिला घास घेण्यापूर्वीच ठरू लागली होती, आणि तिच्यामागे आईच्या ताटातील उणीव होती.

ती मुले आता तिशीत आली आहेत. त्यांच्यापैकी काहींना किशोरवयापासून ब-१२ जीवनसत्त्व व इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रयोग २०१२ साली सुरू झाला, आणि त्या पिढीतील बाळांचीही वजने-मापे पुण्यात टिपली गेली आहेत.