साष्टीतल्या एका श्रोत्याचा प्रश्न

उज्जैन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी महांकाळ उभा राहतो, मग क्षिप्रेचे घाट आणि बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ. मराठी माणसाचे या गावाशी आणखीही एक नाते आहे. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला बस्तान हलवले, तोपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनला होती. महांकाळाचे आजचे देऊळ अठराव्या शतकात उभे राहिले तेही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांच्या हातून. रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजे आपल्याच कोकणपट्टीच्या गोतावळ्यातले.

मला मात्र उज्जैनचे खरे कुतूहल आहे ते सांदीपनींच्या आश्रमामुळे. मंगळनाथाच्या वाटेवर अंकपात म्हणून जागा आहे. कृष्णाने आपली पाटी तिथे धुतली असे तिथले लोक सांगतात. भागवतात कृष्ण-बलराम चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकले असे वर्णन आहे. पण पुढे द्वारकेत कृष्ण आणि सुदामा भेटतात तेव्हा त्यातल्या एकाही कलेचा विषय निघत नाही. आठवण निघते ती गुरुपत्नीसाठी लाकडे आणायला दोघे रानात गेले आणि वादळी पावसात रात्रभर अडकून पडले, त्याची. म्हणजे आपल्याकडची अध्ययनाची सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी कथा ही दोन सोबत्यांची कथा आहे. विद्या गुरूने दिली, पण जन्मभर टिकली ती सोबत.

याच उज्जैनमध्ये 1931 साली शिंदे संस्थानच्या आश्रयाने प्राच्यविद्येची संशोधन संस्था निघाली आणि तिथे हजारो हस्तलिखिते जमा झाली. याच उज्जैनमध्ये 1968 साली केरळच्या सीरो-मलबार ख्रिस्ती परंपरेचे धर्मक्षेत्र स्थापन झाले आणि 1977 मध्ये तो पूर्ण धर्मप्रांत झाला. महांकाळाच्या गावात बायबल वाचणारी घरेही आहेत, संख्येने अगदी थोडी. कोणताही ग्रंथ कपाटात सुरक्षित राहतो, पण जिवंत राहतो तो चार माणसे त्याच्याभोवती बसतात तेव्हाच, असे मला या सगळ्यावरून वाटत आले आहे. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मात्र उज्जैनमध्ये शोधायला नको. तो आपल्या साष्टीत आहे.

बायबलमधली कथा चार माणसांत बसून मराठीत ऐकायची, मध्येच शंका विचारायची, वाचणाऱ्याने उत्तर द्यायचे आणि पुढे जायचे, ही पद्धत आपल्याकडे कधी सुरू झाली? अनेकांना वाटते की एकोणिसाव्या शतकात, मुंबई-पुण्याच्या मिशनऱ्यांनी. श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरीने मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले ते 1805 मध्ये आणि नवा करार 1811 मध्ये, हे खरे. पण त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, 1616 साली, रायतूरच्या छापखान्यात एक मराठी ग्रंथ छापून झाला होता. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण.

स्टीफन्स जन्माने इंग्रज, 1549 च्या सुमाराचा, विल्टशायरमधला. ऑक्टोबर 1579 मध्ये तो गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये इथेच वारला. चाळीस वर्षांतला बहुतेक काळ त्याने साष्टीत काढला. 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर वाटाघाटीच्या मिषाने बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या गावकारांची असोळण्याच्या किल्ल्यात कत्तल झाली. त्या दिवसांत स्टीफन्स साष्टीतच होता. त्याच्या आधी 1567 मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. ही पार्श्वभूमी बाजूला ठेवून ख्रिस्तपुराणाचे कौतुक करणे बरे नव्हे. हे पुराण एका जळालेल्या रानात उगवलेले झाड आहे.

आणि गंमत म्हणजे हे त्या ग्रंथातच नोंदलेले आहे. पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत (स्टीफन्स अध्यायाला अवस्वरू म्हणतो) ग्रंथ कसा जन्माला आला ते येते. साष्टीत एका रविवारी दुपारी मुलांना दोत्रीन शिकवणे चालले आहे. तिथे एक ब्राह्मण येतो आणि पाद्रीगुरूला विचारतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा: मुलांसाठी ही प्रश्नोत्तरे ठीक आहेत, पण आमच्या पूर्वीच्या पुराणांना तुम्ही मनाई केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का करून देत नाही?

या प्रश्नापाशी मी दर वेळी थांबतो. विचारणारा नवा ख्रिस्ती झालेला आहे. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी पोथी लागत असेल, शेजारीपाजारी येऊन बसत असतील. देऊळ गेले, देव गेला, नावही बदलले. तक्रार मात्र तो करतो ती पोथी गेल्याची. ऐकायला काही नाही, बसायला निमित्त नाही. त्याला धर्मशास्त्राची चोपडी नको होती, त्याला बैठक हवी होती. स्टीफन्सचे मोठेपण हे की त्याने प्रश्नातली ही भूक ओळखली.

म्हणून त्याने बायबलचे भाषांतर केले नाही, पुराण रचले. ओवीत रचले. जुन्या करारावरचे पहिले पुराण 36 अवस्वरूंचे, नव्या करारावरचे दुसरे 59 अवस्वरूंचे, मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. मराठी भाषेची थोरवी गाताना फुले, सुगंध, पक्षी यांच्या उपमा दिल्या, त्या आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्या कौतुकाच्या ओव्यांच्या आड ग्रंथाची खरी घडण झाकली जाते. ती घडण संवादाची आहे. कथा रंगात आली की कुणीतरी श्रोता मध्येच शंका काढतो आणि पाद्री थांबून उत्तर देतो. हिंदू दैवतांवर टीकाही त्यात आहे, ती आज वाचताना बोचते. तरीही शंका विचारणाऱ्याला गप्प बसवलेले नाही. इन्क्विझिशनच्या परवानगीने छापलेल्या ग्रंथात प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याला हक्काची जागा मिळावी, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हती.

स्टीफन्सला हे पुराण देवनागरीत छापायचे होते. 1608 मध्ये त्याने रोममधल्या वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीतले खिळे पाडण्याचा विषय काढला होता. ते काही झाले नाही. ग्रंथ रोमन अक्षरांतच निघाला. 1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मधल्या काळात एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरवर असेच मराठी पुराण 1629 ते 1634 या वर्षांत छापले. म्हणजे मागणी होती. रविवारी आणि सणासुदीला लोक जमत आणि पुराण वाचले जाई.

मग 27 जून 1684 ला व्हाइसरॉय काउंट द आल्व्होरने फर्मान काढले. तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज शिकावे आणि देशी भाषेचा वापर सोडावा. देशी भाषेतली छपाई त्याआधीच मावळत चालली होती. रायतूरला छापलेल्या त्या प्रती नामशेष झाल्या. ज्या राज्याने ग्रंथ छापला त्याच राज्याने त्याच्या भाषेचा गळा धरला.

तरी ग्रंथ मेला नाही. त्याला कुणी वाचवले? गोव्यातून निघून कानडा मुलखात, मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी. त्यांच्या घरांत हाती लिहिलेल्या प्रती होत्या. बापाने मुलासाठी, मुलाने नातवासाठी उतरवून घेतलेल्या. 1907 साली मंगळूरच्या जे. एल. साल्ढाणा यांनी ख्रिस्तपुराण पुन्हा छापले ते अशा हस्तलिखितांवरून. पुढे 1920 च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखिताकडे लक्ष वेधले. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, 1996 मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. आज आपण हे पुराण विकत घेऊन वाचू शकतो, त्याच्या मुळाशी कुठलेही सरकारी दप्तर नाही. मंगळुरी ओसरीवर दिव्याभोवती बसलेली घरची माणसे आहेत.

हाच धागा पुढे मराठी मुलखात वेगळ्या रंगाने दिसतो. केडगावला पंडिता रमाबाईंनी खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणले. त्याचे खिळे जुळवणे, छपाई ही कामे मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये पुरा बाहेर आला. ना. वा. टिळकांच्या हातात नवा करार पडला तो 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरवला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठी दार सारखेच उघडे ठेवले. सोबत बसायला आधी धर्म बदलला पाहिजे ही अट त्यांनी काढून टाकली. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाला असा दरबार तीनशे वर्षे आधी मिळाला असता तर?

आमच्या कचेरीत गेली काही वर्षे आम्ही तिघे-चौघे दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास ख्रिस्तपुराण वाचतो. डबे आवरले की फायलींचा ढीग बाजूला सारायचा आणि वीस-पंचवीस ओव्या घ्यायच्या. आमच्यातला एक साष्टीकर ख्रिस्ती आहे. बायबल त्याला रोमी कोंकणीतून पाठ, पण देवनागरी वाचताना तो अडखळतो. मी ज्ञानेश्वरीच्या आधाराने जुनी रूपे लावतो, पण अब्राहामाचा नातू कोण हे मला त्यालाच विचारावे लागते. पुष्कळदा मला अडलेला शब्द तो ऐकताक्षणी ओळखतो, कारण त्याच्या घरी तो आजही बोलला जातो. हा ग्रंथ मराठी की कोंकणी यावर आपल्या गोव्यात किती शाई सांडली! दोघांनी मिळून वाचल्याशिवाय तो धड उलगडतच नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो. मंदिरांच्या पाडापाडीचा उल्लेख निघाला की आम्ही तो टाळत नाही. एकदा तर त्यावर सबंध आठवडा धुसफूस चालली. पुढच्या गुरुवारी चौघेही हजर होते.

कुणाला असे काही सुरू करावेसे वाटले तर त्याला फार थोडे लागते. ग्रंथ एकच ठरवावा, मग तो बायबल असो, ख्रिस्तपुराण असो की दासबोध. माणसे सहाच्या आत असावीत, म्हणजे प्रत्येकाला बोलता येते. मजकूर थोडा घ्यावा. वाचणारा दर वेळी बदलावा, नाहीतर एकजण बुवा होऊन बसतो. आणि शंका विचारणाऱ्याला कधी ‘ते नंतर बघू’ म्हणू नये. चारशे वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी साष्टीत एका पाद्रीने तसे म्हटले असते, तर अकरा हजार ओव्यांना आपण सगळेच मुकलो असतो.