अमायलॉइडोसिस आणि प्लीहा

प्लीहेत (पाणथरीत) अमायलॉइड हे तंतुमय, सहज न विरघळणारे प्रथिन साचून तिचे काम मंदावण्याचा किंवा बंद पडण्याचा विकार. ‘अमायलॉइड’ (पिष्टासारखे) हे नाव फसवे आहे. आयोडीनने रंग बदलतो म्हणून रूडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये हा पदार्थ पिष्टाच्या जातीचा मानला. तो प्रथिनाचा असल्याचे १८५९ मध्ये फ्रीड्राइख व केकुले यांनी दाखवले.

प्रथिन श्वेत गरात साचले, तर कापलेल्या प्लीहेत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक दाणे दिसतात; रोगविज्ञानात तिला ‘साबुदाणा प्लीहा’च म्हणतात. ते लाल गरात पसरले, तर सारा काप मेणचट दिसतो.

निरोगी प्लीहा रक्त गाळते, जीर्ण तांबड्या पेशी काढते, पेशींत उरलेले केंद्रकाचे अवशेष खुडते आणि जंतू पकडते. रक्तवाहिन्यांच्या व पोकळ्यांच्या भिंतींत अमायलॉइड बसले की ही गाळणी निकामी होते. प्लीहा हाताला मोठी लागते, म्हणून ती काम करते असे समजू नये. खरी साक्ष रक्ताच्या काचपट्टीवर मिळते : तांबड्या पेशींत न खुडलेले केंद्रकाचे अवशेष, म्हणजेच हॉवेल-जॉली पिंड, दिसतात. ‘एएल’ प्रकारच्या (अस्थिमज्जेतील सदोष प्लाझ्मा पेशींमुळे होणाऱ्या) सुमारे चतुर्थांश रुग्णांत ते आढळले आहेत. अशा रुग्णाला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस यांसारख्या आवरणयुक्त जंतूंचा धोका असतो. त्यांच्या लसी द्याव्यात आणि साधा वाटणारा तापही अंगावर काढू देऊ नये. ‘एएल’ प्रकारात रक्त गोठवणारा दहावा घटक अमायलॉइडला चिकटून कमी पडू शकतो. क्वचित प्लीहा आपोआप फुटते.

नागपूरजवळच्या हिंगणा परिसरात, किंबहुना साऱ्या विदर्भात, हॉवेल-जॉली पिंड दिसले की आधी सिकलसेल आठवतो, आणि ते योग्यच आहे. नागपूर भागातील सिकलसेलची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्या आजारात वारंवार रक्तपुरवठा तुटून प्लीहा आकसू शकते. अमायलॉइडोसिसमध्ये ती भरलेली राहूनही निकामी होते. हिमोग्लोबिनची तपासणी निर्दोष निघाली, तर जुना क्षयरोग, कुष्ठरोग किंवा संधिवात यांची विचारपूस करावी. दीर्घकाळच्या दाहातून ‘एए’ प्रकार उद्भवतो. तेथे मूळ रोग आटोक्यात आणणे हाच उपचार. ‘एएल’मध्ये अस्थिमज्जेतील सदोष प्लाझ्मा पेशींवर औषधे देतात.

रक्तस्रावाच्या भीतीने प्लीहेचा तुकडा सहसा घेत नाहीत. पोटावरच्या चरबीत सुई घालून नमुना काढतात व काँगो रेडने रंगवतात. ध्रुवित प्रकाशात तो हिरव्या सफरचंदाच्या रंगाने चमकला, की निदान पक्के होते.