न दिसणारं फिनिशिंग

यूट्यूबवर अमेरिकेतल्या रायफलवेड्यांचे व्हिडिओ कधी पाहिलेत, तर एक दृश्य हमखास दिसेल. नवी कोरी ॲक्शन खोक्यातून बाहेर येते, बोल्ट दोनचारदा मागेपुढे सरकतो आणि गडी खूश होऊन सांगतो, लोण्यासारखी चालते!

माझ्याकडे रायफल नाही, परवानाही नाही. मी मेकॅनिकलवाला. भोसरीच्या वर्कशॉपात काही वर्षं लेथ आणि मिलिंगवर काढलेली. त्यामुळे मला प्रश्न पडतो तो वेगळाच. लोण्यासारखी चालते म्हणजे ती चांगली आहे, हे कशावरून? उत्तर शोधत गेलो तर सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागला.

आधी ॲक्शन म्हणजे काय ते पाहू. बोल्ट-ॲक्शन रायफलमधला बोल्ट साधारण दाराच्या कडीसारखा असतो. पुढे ढकलला की काडतूस नळीत बसतं, दांडी खाली वळवली की बोल्टाच्या टोकाचे दोन कान रिसीव्हरच्या आतल्या खाचांत अडकतात. या कानांना लग म्हणतात. .३०८ सारख्या काडतुसात दाब ६० हजार पीएसआयच्या आसपास जातो. कारच्या टायरमध्ये असतो ३२-३५. हा सगळा दाब ते दोन कान झेलतात, आणि नेमबाजाचा डोळा तिथून वीतभर अंतरावर असतो.

ॲक्शन एकाची आणि रायफल दुसऱ्याची, हा धंदा नवा नाही. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची १८९८ची ॲक्शन इतकी गाजली, की लंडनचे नामांकित बंदूकवालेही ती विकत आणून तिच्यावर आपली नळी आणि आपला दस्ता चढवू लागले. रिग्बी त्यांतलेच. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना जी रिग्बी रायफल भेट मिळाली, तिच्या पोटातही माउझरचीच ॲक्शन होती.

गंमत अशी, की हाताला सर्वांत मऊ लागणारी म्हणून जिचं नाव निघतं, ती माउझर नव्हे. तो मान नॉर्वेच्या क्राग-यॉर्गेनसेनचा. अमेरिकी सैन्याने १८९२ मध्ये हीच रायफल निवडली. पण तिच्या बोल्टाला पुढे एकच कान. शिवाय काडतुसं एकेक करून भरायची. १८९८ मध्ये क्युबातल्या सान हुआनच्या टेकडीवर गाठ पडली ती माउझरवाल्या स्पॅनिश सैनिकांशी. ते एका क्लिपमधून पाच काडतुसं एका दमात भरत होते. लढाई अमेरिकेने जिंकली, पण धडा घेऊनच. पुढे क्रागला जास्त वेगाचं काडतूस देऊन पाहिलं, तर काही रायफलींच्या त्या एकुलत्या कानाला तडे गेले. काडतूस मागे घ्यावं लागलं.

मग आली स्प्रिंगफील्ड १९०३. तिची रचना माउझरच्या इतकी जवळची होती, की अमेरिकी सरकारला माउझरला दोन लाख डॉलर रॉयल्टी मोजावी लागली. रचना उत्तम, यंत्रकाम उत्तम, फिनिशिंगही देखणं. आणि तरीही १९१७ मध्ये रिसीव्हर फुटू लागले.

दोष निघाला भट्टीत. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून तो वेळ साधतो. स्प्रिंगफील्डचे कारागीरही तेच करत होते, वर्षानुवर्षं, अनुभवी नजरेने. पण उष्णता मोजणारं यंत्र लावल्यावर कळलं, की लख्ख उन्हाच्या दिवशी हाच 'बरोबर' रंग ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापमानाचा असू शकतो. उजेडात तापलेलं लोखंड फिकं दिसतं, म्हणून कारागीर ते आणखी तापवत. असं करपलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा तपशील पुढे आहे. हे रिसीव्हर जादा दाबाच्या काडतुसाची चाचणी पास होऊन बाहेर पडले होते. मापात चूक नव्हती, पॉलिशमध्ये नव्हती, बोल्टाच्या चालीतही नव्हती. बाहेरून कळायला मार्गच नव्हता. १९१८ मध्ये पाणी देण्याची पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८ लाखांखालच्या क्रमांकांच्या रायफलींतून गोळी झाडू नका, असं जाणकार आजही सांगतात.

आजच्या बाजाराचं मूळ मात्र १९६२च्या रेमिंग्टन ७०० मध्ये आहे. तिचा रिसीव्हर म्हणजे गोल सळईतून लेथवर काढलेली नळी. धक्का झेलणारा लग वेगळा, वायसरसारखा, नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये दाबून बसवलेला. स्वस्त, सोपी, अचूक. तरी मोठ्या प्रमाणावर काढलेल्या मालात थोडा तिरपेपणा राहायचाच. नेमबाज ती कारागिराकडे नेत. तो रिसीव्हरचं तोंड काटकोनात आणी, आटे पुन्हा कापी, दोन्ही लग घासून सारखे टेकवी. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, हे सगळं आधीच सरळ केलेली ॲक्शनच का विकू नये? टेक्सासची स्टिलर, मोंटानाची डिफायन्स, नेब्रास्काची झरमॅट अशा छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. सीएनसी, वायर-कट, आणि अनेक ॲक्शनींत लग रिसीव्हरच्याच अंगचा. माप इतकं एकसारखं, की काही ॲक्शनींना आधीच तयार केलेली नळी थेट बसते. नुसती ॲक्शन कित्येकदा कारखान्यातल्या अख्ख्या रायफलपेक्षा महाग.

मग चांगली ओळखायची कशी? वर्कशॉपात आम्ही दोन पृष्ठभाग जुळतात का हे पाहायला ब्लू लावतो. लगवर ब्लू लावून बोल्ट बंद केला, की दोन्ही कानांवरचा रंग सारखा पुसला जायला हवा. एकाच कानावरचा गेला, तर दाबही सुरुवातीला एकटा तोच झेलणार. मग गो आणि नो-गो गेज: पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. बोल्टाची चाल मात्र जपून जोखावी. फारच घट्ट मापाची ॲक्शन वाळूचा एक कण गेला तरी अडखळते. माउझरने मुद्दाम सैल ठेवलेली जागा खंदकातल्या चिखलात कामाला आली.

उरलं पाणी. ते ब्लूवर दिसत नाही, गेजवर येत नाही. त्यासाठी पोलाद कोणतं, कडकपणा किती, भट्टीची नोंद कुणी ठेवली, हे विचारावं लागतं. व्हिडिओत हे क्वचित येतं, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. पण स्प्रिंगफील्डच्या भट्टीसमोर उभ्या कारागिराची नजरही तयारीची होती आणि हातही सराईत. चुकलं ते फक्त ऊन जास्त होतं म्हणून.