पाणी मिळवले, आता शब्द मिळवू या : आंबेनळीच्या पायथ्याशी पालीचा विचार

गेल्या वर्षावासात आंबेनळी घाटाखालच्या एका बौद्धवाडीत आम्ही काही कार्यकर्ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला बसलो होतो. बाहेर पावसाची झड लागलेली. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले. ग्रंथ उघडणार तोच मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारले, "पोरांनो, इतकी वर्षं म्हणतोय आपण, पण ते 'वेरमणी' म्हंजे काय रे?"

विहारात शांतता पसरली. वंदना सांगणाऱ्या भावाने खाली पाहिले. आम्हीही खालीच पाहिले. आमच्यात पदवीधर होते, भाषणे ठोकणारे होते, मनुस्मृतीतले श्लोक क्रमांकासह सांगणारे होते. पण रोज तोंडात असलेल्या शब्दाचा अर्थ एकालाही सांगता आला नाही.

त्या रात्री शोधून अर्थ काढला. वेरमणी म्हणजे दूर राहणे, अलिप्त होणे. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा, सरावाचा नियम. समादियामि म्हणजे मी स्वतः होऊन अंगीकारतो. म्हणजे पंचशील ही कुणी वरून सोडलेली आज्ञा नाही. 'हे करू नकोस' असे तिथे कुणीही म्हणत नाही. मीच माझ्याशी केलेला तो करार आहे. अर्थ माहीत नसला की हाच करार मंत्र होतो. आणि मंत्र आला की तो सांगणारा पुरोहितही मागोमाग येतो, मग त्याचे वस्त्र कोणत्याही रंगाचे असो.

म्हणून हा लेख. पाली शिकणे हा विद्वानांचा छंद नाही, आपल्या मुक्तीच्या लढ्यातले ते अर्धवट राहिलेले काम आहे, असे आमचे म्हणणे आहे.

भाषा बंद करणारे आणि भाषा उघडणारा

या देशात पाण्याला जसे कुंपण होते तसेच शब्दालाही होते. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळवलेले कथील आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. विसाव्या शतकात मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या हिमतीवर शिकले.

याच्या अगदी उलट प्रसंग विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन आले. नाना जातींचे, नाना कुळांचे लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदात, म्हणजे वेदाच्या धर्तीच्या भाषेत, बांधून टाकू या, असे त्यांचे म्हणणे होते. तथागतांनी त्यांना फटकारले आणि प्रत्येकाने धम्म आपापल्या भाषेत शिकावा अशी मुभा दिली. तिथे 'निरुत्ति' असा शब्द आहे, निरुत्ति म्हणजे बोली. एकीकडे कानात कथील ओतणारा धर्म आणि दुसरीकडे बोलीला मान देणारा धम्म, इतका स्वच्छ हा फरक आहे.

महाडचे आणखी एक पाणी

आता आपल्या मुलखाकडे येऊ. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला डोंगरात गांधारपाले लेणी आहेत. आपण २० मार्चला चवदार तळ्यावर येतो, क्रांतिस्तंभाला वंदन करतो आणि बहुतेक वेळा लेण्यांच्या पायथ्यावरून तसेच निघून जातो. वर ब्राह्मी लिपीतला एक शिलालेख आहे. काणभोअ व्हेणुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. लेणे, चेतियघर, आठ ओवरका म्हणजे खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढी.

पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या डोंगरात सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाणी दान दिले आणि त्या दानाला 'देयधम' म्हटले. संघाच्या दारात जात विचारली जात नव्हती. त्याच डोंगराच्या सावलीत पुढे माणसाला माणसाच्या तळ्यावर पाणी पिण्याची बंदी झाली. आपला इतिहास या दोन पाण्यांच्या मधला आहे.

हे लेख आधुनिक काळात कुणी वाचले? १८३७ पर्यंत जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख छापले. त्यांचे ऋण आहेच. पण त्या काळात याच परिसरातल्या आपल्या पूर्वजांना शाळेच्या ओट्यावर बसू देत नव्हते. ज्यांना अक्षर मिळाले त्यांना ते बहुधा पलटणीत मिळाले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्मपंडितांना छापील प्रश्न विचारले. अक्षर हाती येताच आपल्या माणसाने पहिली गोष्ट कोणती केली, तर प्रश्न विचारला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बाबासाहेबांनी काय ठेवले?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले ते पालीत. नंतर लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. ही विभागणी सहज झालेली नाही. मूळ शब्दाशी नाते पालीने जोडायचे आणि जगण्याचा निर्धार आपल्या भाषेत, पूर्ण समजून करायचा, असा तो धडा आहे. आपण यातली पाली पाठ केली आणि समजून घेण्याचा भाग मात्र विसरलो.

बाबासाहेब विसरले नव्हते. ढासळत्या प्रकृतीतही ते पालीवर काम करत होते. त्यांचे पाली व्याकरण, पाली शब्दकोश आणि 'बौद्ध पूजा पाठ' महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात आहेत. शब्दकोशात मराठी अर्थही दिलेले आहेत. हा खंड आपल्या किती विहारांत आहे? असेल तर किती वेळा उघडला जातो? राज्यघटना लिहिणारा माणूस आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात शब्दकोशाचे काम का करत बसतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आयर्लंडकडून काय घ्यावे?

इथे एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. आयर्लंड हा इंग्रजांच्या टाचेखाली राहिलेला देश. तिथल्या शाळांत आयरिश बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवत. तो आयरिश बोलला की काठीवर एक खाच आणि खाचांच्या हिशेबाने मार. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. सर्वात जास्त भरडली गेली ती आयरिश बोलणारी गरीब खेडी. भाषा गरिबीची खूण झाली आणि आईबापच मुलांना ती शिकवेनासे झाले.

१८९३ मध्ये डग्लस हाइड, ओइन मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डब्लिनमध्ये गेलिक लीग स्थापन केली. तिने सरकारची वाट पाहिली नाही. कामकरी माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले, गावोगाव फिरणारे शिक्षक नेमले आणि वर्गाला गाणी, नाच, स्पर्धा, मेळे जोडले. भाषा शिकणे हा सण झाला. पुढे देश स्वतंत्र झाला, १९३७ च्या राज्यघटनेत आयरिश पहिली राजभाषा ठरली आणि १९३८ मध्ये हाइड पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या घटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना याच आयरिश घटनेवरून आली आहे.

पण पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. शाळेत आयरिश सक्तीची झाली, तरी २०२२ च्या जनगणनेत आयरिश येते असे सांगणारे सुमारे १८ लाख ७४ हजार निघाले, आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे फक्त ७२ हजारांच्या आसपास. उलट बेलफास्ट शहरात १९६०च्या दशकाच्या शेवटी काही तरुण कुटुंबांनी एकत्र येऊन शॉज रोडवर स्वतःची आयरिशभाषिक वस्ती उभारली आणि १९७१ मध्ये सरकारी मान्यता नसताना मुलांची शाळा काढली. त्या शाळेतून पुढे अनेक शाळा निघाल्या. सरकारने भाषेला दर्जा दिला, पण ती जगवली वस्तीने.

ठराव कागदावर, तळे पायाखाली

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. आनंद आहेच. पण याच पालीला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या ऐच्छिक विषयांतून वगळले गेले आहे, हेही विसरू नये. आणि महाडच्या माणसाला तरी कागदावरच्या हक्काची किंमत शिकवावी लागू नये. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तळे कायद्याने खुले झाले होते. तरी पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ ला, आपले लोक चालत गेले तेव्हा. आणि उच्च न्यायालयाचा शिक्का बसायला १९३७ उजाडले.

काही मित्र म्हणतात, पाली मेलेली भाषा आहे, मुलांना इंग्रजी शिकवा. इंग्रजी शिकवाच, त्यात वाद नाही. पण आयरिश माणसाप्रमाणे पाली घरात बोलायची असे आम्ही म्हणत नाही, ती आज कुणाचीच घरची भाषा नाही. आपल्याला ती वाचता यायला हवी, म्हणजे धम्म आणि आपण यांच्यामध्ये कुणी दलाल उभा राहणार नाही.

दुसरे मित्र उत्साहाने सांगतात, मराठी पालीतूनच जन्मली. असेही म्हणू नये. मराठीची वाट महाराष्ट्री प्राकृतातून येते, पाली तिची मावशी. पण मावशीचा चेहरा किती ओळखीचा आहे पाहा : हत्थ - हात, कण्ण - कान, दुद्ध - दूध, भत्त - भात, अज्ज - आज, सत्त - सात, गाम - गाव. आणि तळाक म्हणजे तळे! आंबेनळीखालच्या ज्या आजीला संस्कृत परके वाटते, तिला पालीचे निम्मे शब्द ऐकताक्षणी कळतील.

मग करायचे काय?

येत्या वर्षावासात एवढेच करू. प्रत्येक वंदनेनंतर एकाने एकाच शब्दाचा अर्थ मराठीत सांगायचा. आषाढ ते आश्विन पौर्णिमा, रोज एक शब्द धरला तरी नव्वदच्या आसपास शब्द होतात, आणि त्रिशरण-पंचशील पूर्ण उलगडायला तेवढे पुरेसे आहेत. सांगणारा रोज बदलायचा, म्हणजे नवा पुरोहित तयार होणार नाही. बायाबापड्या आणि मुलींना पहिला मान द्यायचा. वैशाख पौर्णिमेच्या जलशात एक गाणे या शब्दांवर रचायचे. मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी वर्गणीसोबत सोळावा खंड आणावा. आणि २० मार्चला तळ्यावरून निघालो की मुलांना गांधारपालेला न्यायचे, ती पोढी दाखवायची आणि 'देयधम' हा शब्द त्यांच्या तोंडून वाचून घ्यायचा.

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंदाची पालीतली कीर्ती त्याने नागसेनाला विचारलेल्या प्रश्नांमुळे आहे. त्या पावसात भिंतीला टेकून बसलेल्या आजींनी तेच केले. उत्तर आमच्याकडे नव्हते. पुढच्या वर्षावासात ते त्यांनी इतरांना सांगावे, एवढी तयारी आपण केली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!