क्यूआर कोडचा शैक्षणिक वापर

क्यूआर कोडचा शैक्षणिक वापर म्हणजे पाठ्यपुस्तके, स्वाध्यायपत्रिका, भित्तितक्ते, प्रयोगसाहित्य इत्यादींवर क्यूआर कोड छापून अथवा चिकटवून त्यांना ध्वनिफीत, चित्रफीत, प्रश्नसंच किंवा मजकुराची जोड देण्याची पद्धत होय. शिक्षकाला कोणताही खर्च न करता वापरता येणाऱ्या साध्या साधनांमध्ये तिची गणना होते. कोडमध्ये धडा नसतो, बहुधा केवळ धड्याचा पत्ता असतो. म्हणून या साधनाची उपयुक्तता त्यामागील साहित्य किती काळ टिकते आणि फोन नसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत ते कसे पोहोचते यांवर अवलंबून असते.

इतिहास

क्यूआर कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला. सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी उभ्या रेघांचा बारकोड अपुरा पडू लागल्याने ही द्विमितीय रचना शोधण्यात आली. ‘क्यूआर’ ही ‘क्विक रिस्पॉन्स’ (शीघ्र प्रतिसाद) या शब्दांची आद्याक्षरे आहेत. कंपनीने एकस्व स्वतःकडे ठेवले, परंतु प्रमाण कोडच्या वापरावर ते बजावले नाही. त्यामुळे असा कोड कोणालाही विनामूल्य तयार करता येतो. २००० साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा शैक्षणिक मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. महाराष्ट्रात ‘बालभारती’ने आपली पाठ्यपुस्तके या मंचाशी जोडली. अशा पुस्तकांत पहिल्या पृष्ठावरील कोडद्वारे डिजिटल पुस्तक आणि पाठांमधील कोडद्वारे त्या त्या पाठाचे दृक्‌श्राव्य साहित्य उपलब्ध होते. दीक्षाच्या कोडसोबत सहा अक्षर-अंकांचा संकेतही छापलेला असतो. कॅमेरा चालत नसल्यास हा संकेत टंकित करून तेच साहित्य मिळवता येते.

रचना

कोड हा काळ्या-पांढऱ्या घरांचा चौरस असतो. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकटींवरून वाचकयंत्राला दिशा कळते, म्हणून कोड उलटा वा तिरका धरला तरी वाचला जातो. सर्वांत लहान कोड २१ × २१ आणि सर्वांत मोठा १७७ × १७७ घरांचा असतो. माहितीची काही प्रमाणात पुनरुक्ती केलेली असल्याने डाग पडलेला कोडही वाचता येतो. निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के हानी भरून निघते.

माहिती वाढली की घरेही वाढतात. १५ टक्क्यांच्या पातळीवर ४० अक्षरांचा इंग्रजी दुवा २९ × २९ घरांत मावतो, तर २०० अक्षरांच्या दुव्याला ५७ × ५७ घरे लागतात. दोन्ही कोड ३ सेंटिमीटर रुंदीत छापले, तर पहिल्यातील प्रत्येक घर सुमारे १ मिलिमीटरचे आणि दुसऱ्यातील जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे होते. झेरॉक्स प्रतीत दुसरा कोड लवकर निकामी होतो. दुवा लहान असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

वर्गातील उपयोग

- भाषा: कवितेशेजारी तिच्या वाचनाची ध्वनिफीत जोडणे. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी त्या भाषेतील स्पष्टीकरणही देता येते.
- गणित: स्वाध्यायाच्या शेवटी उत्तरे किंवा सोडवण्याची रीत देणे.
- विज्ञान: उपकरणावर कोड चिकटवून त्याच्या वापराची चित्रफीत दाखवणे.
- इंटरनेटविना मजकूर: कोडमध्ये दुव्याऐवजी प्रत्यक्ष मजकूर साठवता येतो आणि तो इंटरनेट नसतानाही वाचता येतो. मात्र देवनागरीतील प्रत्येक वर्ण व मात्रा सामान्यतः तीन बाइट व्यापते. ‘मराठी’ या शब्दालाच १५ बाइट लागतात. त्यामुळे कोडे, शब्दार्थ किंवा एखादी सूचना यांसारख्या छोट्या मजकुरासाठीच ही रीत सोयीची आहे.

तयार करताना घ्यावयाची काळजी

कोड ‘स्थिर’ व ‘बदलता’ अशा दोन प्रकारचे असतात. स्थिर कोडमध्ये मूळ दुवाच नोंदलेला असतो आणि त्या कोडला मुदत नसते. बदलत्या कोडमध्ये मध्यस्थ सेवेचा पत्ता असतो आणि ती सेवा वाचकाला मूळ साहित्याकडे पाठवते. त्यामुळे छपाईनंतरही दुवा बदलता येतो, परंतु सेवा बंद झाली किंवा तिचे शुल्क थकले तर छापलेले सर्व कोड एकदमच निरुपयोगी होतात. वर्षानुवर्षे वापरायच्या साहित्यासाठी शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा असलेला स्थिर कोड अधिक सुरक्षित असतो.

छपाईत कोडभोवती चार घरांइतकी कोरी जागा सोडावी लागते. गडद कोड व फिकी पार्श्वभूमी ही जोडी सर्वाधिक विश्वसनीय आहे. कोडच्या रुंदीच्या सुमारे दहापट अंतरावरून तो वाचता येतो, असा ठोकताळा आहे. म्हणजेच २० सेंटिमीटरचा कोड साधारण २ मीटरवरून वाचता येईल. चकचकीत लॅमिनेशनवर प्रकाश परावर्तित होऊन वाचनात अडथळा येऊ शकतो. ऑनलाइन साठवलेल्या फाइलचा दुवा देताना ती इतरांना पाहण्याची परवानगी दिली आहे का, हे दुसऱ्याच्या फोनवर तपासणे आवश्यक असते. शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर ती परवानगीविनाही उघडते आणि चूक लक्षात येत नाही.

एका फोनचा वर्ग

विद्यार्थ्यांकडे फोन नसले तरी शिक्षकाच्या एका फोनवर काम भागू शकते. साहित्य आधीच उतरवून घेतल्यास वर्गात इंटरनेटचीही गरज राहत नाही आणि ध्वनिफीत छोट्या स्पीकरवर सर्वांना ऐकवता येते. याच तत्त्वावर ‘प्लिकर्स’ हे साधन चालते. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला कोडसारखी आकृती छापलेले वेगळे कार्ड मिळते. कार्डाच्या चार बाजू चार पर्याय दर्शवतात. विद्यार्थी उत्तराची बाजू वर धरतो आणि शिक्षक वर्गावरून कॅमेरा फिरवून सर्वांची उत्तरे एकाच वेळी नोंदवतो. पर्यायांची अक्षरे कार्डावर बारीक छापलेली असल्याने शेजाऱ्याचे उत्तर पाहून हात वर करण्याचे प्रमाण कमी होते.

मर्यादा व सुरक्षितता

पुस्तक अनेक वर्षे टिकते, दुवा मात्र केव्हाही मरू शकतो. गृहपाठाचा अत्यावश्यक भाग कोडमागे ठेवल्यास घरी फोन नसलेला किंवा पालकांचा फोन संध्याकाळीच हाती येणारा विद्यार्थी मागे पडतो. म्हणून पाठ कोडविनाही पूर्ण असावा आणि कोडने त्यात भर घालावी, हे तत्त्व महत्त्वाचे मानले जाते. कोडशेजारी त्यात काय आहे हे एका ओळीत लिहिल्यास व लहान दुवाही छापल्यास वाचकाची सोय होते.

कोडमागे काय आहे हे डोळ्यांना दिसत नसल्याने मूळ कोडवर दुसरा कोड चिकटवून फसवणूक होऊ शकते. दुवा उघडण्यापूर्वी पडद्यावर दिसणारा पत्ता वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हा डिजिटल साक्षरतेचाच भाग आहे. विद्यार्थ्यांची नावे, गुण, छायाचित्रे किंवा दूरध्वनी क्रमांक उघड्या कोडमागे ठेवू नयेत, कारण कोड ज्याच्या हाती पडेल त्याला तो वाचता येतो.