मूल दमले की कोण चालते? माथेरानच्या सहलीचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत ताई, भावोजी, त्यांची चार वर्षांची मुलगी, सहा महिन्यांचा मुलगा आणि मी असे पाच जण पुण्याहून मोटारीने माथेरानला निघालो. दस्तुरी नाक्याला मोटार थांबली. तिथून पुढे मोटार जात नाही. बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर. दहा मिनिटे चालल्यावर भाचीने लाल मातीत बसकण मारली आणि जाहीर केले, "मावशी, मला नाही चालायचं." भाचा ताईच्या कडेवर झोपलेला, भावोजींच्या दोन्ही हातांत बॅगा. शेवटी हातरिक्षा केली. एक माणूस पुढून ओढणारा, दुसरा मागून ढकलणारा. आत ताई आणि दोन्ही मुले. मी मागून चालत होते, आणि इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे सहलीची मजा जिथे बिघडायची तिथेच बिघडली. लहान मुलांना घेऊन सहलीला जाण्याची ही रीत आपल्याकडे आली कुठून? आणि मूल दमल्यावर त्याला उचलून नेणारे खांदे कुणाचे?

आजचा धागा त्यावर. लांब आहे, सवडीने वाचावा.

आपल्याकडे कुटुंबे पूर्वी प्रवास करीत नसत, असे मुळीच नाही. तान्ह्या मुलांना घेऊन तर हमखास करीत. परंतु त्या प्रवासाला कारण लागे. बाळाचे जावळ कुलदैवतापाशी काढायचे, नवस फेडायचा, जत्रेला जायचे, किंवा उन्हाळ्यात आजोळी जायचे. बैलगाडीत गवत पसरून त्यावर घोंगडी अंथरायची आणि मुलांना मधोमध बसवायचे, ही 'फॅमिली ट्रिप' पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. जेजुरी किंवा तुळजापूर हे हवा चांगली म्हणून गाठायचे ठिकाण नव्हते. वाटेत गंमत होत असे, पण गंमतीसाठी वाट धरली जात नसे.

निव्वळ हवेसाठी घर सोडावे, ही कल्पना डोंगरावर प्रथम आणली ती इंग्रजांनी, आणि तीही औषध म्हणून. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास महाबळेश्वर वसवायला घेतले, ते आजारी सैनिक आणि अधिकारी यांच्या प्रकृतीकरिता. मैदानातील ताप आणि पटकी यांनी गोऱ्या कुटुंबांतील लहान मुले भराभर दगावत असत. उन्हाळ्यात बायकामुलांना वर पाठवणे ही चैन म्हणून सुरू झालेली गोष्ट नव्हे. आपल्या भाषेने याची नोंद फार नेमकी ठेवली आहे. 'हवापालट' हा शब्द पाहा. आजारपणातून उठलेल्या माणसाला वैद्य सांगतो तो हवापालट. 'थंड हवेचे ठिकाण' या शब्दप्रयोगातही ठिकाणाआधी हवा येते. करमणूक त्यात नंतर शिरली.

माथेरानची नोंद अशी आहे: ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे १८५० मध्ये पायथ्याच्या चौक गावाकडून हा डोंगर चढला आणि त्याने माथेरानचा 'शोध' लावला. अवतरणचिन्हे मुद्दाम घातली आहेत. डोंगराला नाव होते, वाटा होत्या, आणि त्या वाटांवर ठाकूर, कातकरी व धनगर वावरत होते. मॅलेटने शोधले ते माथेरान नव्हे, माथेरानचा एक उपयोग. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आला आणि बंगल्यांचे भूखंड पडू लागले.

पुढच्याच वर्षी, १२ मे १८५६ रोजी, मुंबईची रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. नेरळ याच मार्गावर. या एका योगायोगाने माथेरानचे भवितव्य ठरले. मुंबईतील संपन्न घरांना, आणि त्यात युरोपियनांच्या मागोमाग पारशी, बोहरा, गुजराती कुटुंबे होती, सकाळी घरून निघून त्याच दिवशी डोंगरमाथ्यावर पोहोचणे शक्य झाले. महाबळेश्वर हंगामासाठी जाण्याचे ठिकाण होते. माथेरान चार दिवसांसाठी जाण्याचे झाले. मला वाटते, 'घराजवळची सुट्टी' महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने सुरू झाली ती इथे.

मात्र आगगाडी नेरळपर्यंतच होती. पुढचा आठशे मीटर उंचीचा चढ तसाच होता. तो चढायचा तट्टूवर, पालखीत किंवा डोलीत. तट्टूवर पुरुष बसत. बायका आणि मुले पालखीत किंवा खुर्चीच्या डोलीत. म्हणजे प्रत्येक आई आणि तिच्या मांडीवरील मुलामागे चार-सहा भोई, शिवाय ट्रंका, वळकट्या आणि स्वयंपाकाची भांडी डोक्यावर घेऊन चढणारे हमाल व हमालणी. कुटुंबात मुले जितकी अधिक आणि जितकी लहान, तितकी उचलणारी माणसे अधिक, हे गणित साधे आहे. एकट्या साहेबाला डोंगर चढायला तट्टू पुरे. डोंगरावर मजुरांची वस्ती उभी राहिली ती कुटुंबांमुळे.

हातरिक्षा या चित्रात उशिरा आली. हे वाहन जपानमधले, १८६९च्या सुमाराचे. हिंदुस्थानात ते १८८०च्या सुमारास सिमल्याला आले आणि तिथून इतर गिरिस्थानांवर पसरले. तेव्हा ती सुधारणा मानली जात होती. पालखीला चार-सहा माणसे, रिक्षेला दोन-तीन. शिवाय भार खांद्यावर नव्हे, चाकावर. आज जे आपल्याला अमानुष वाटते ते एके काळी भोयांचे कष्ट हलके करणारे यंत्र म्हणून आले होते, हे विसरून चालणार नाही.

आता क्षणभर डोंगर उतरून मुंबईत यावे लागेल, कारण सुट्टी म्हटले की सुट्टी कुणाला होती, हा प्रश्न येतो.

माथेरानच्या बंगल्यांत मुलांचे हुंदडणे चालले होते त्याच दशकांत गिरणगावातील मुले चात्यांपाशी उभी होती. १८८१च्या कारखाना कायद्याने पहिल्यांदा बंधन घातले. ते काय होते? सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात. हे 'संरक्षण' होते! सात वर्षांचे मूल आणि नऊ तास. प्रौढांना तर तेवढीही हमी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊवर नेले आणि नऊ ते चौदा वयासाठी सात तासांची मर्यादा घातली.

आपण ज्याला आज 'वीकेंड' म्हणतो त्याचा अर्धा भाग अशा रीतीने मिळालेला आहे. पण रविवार मिळाला म्हणून गिरणी कामगार मुलाबाळांना घेऊन माथेरानला गेला, असे झाले नाही. त्याची सुट्टी कोकणात किंवा घाटावर गावी जाण्यात गेली, शेतीच्या कामात गेली. 'लहान मूल' या दोन शब्दांचा अर्थ त्या काळात पत्त्यावरून ठरत असे.

माथेरानच्या रेल्वेकडे वळू. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतील बोहरा उद्योगपती. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले, सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाले, आणि मार्च १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरची गाडी नेरळहून वर निघाली. मार्ग सुमारे वीस किलोमीटरचा. पायवाट त्याहून पुष्कळ जवळची. पण आगगाडीला सरळ चढता येत नाही, म्हणून रूळ डोंगराला वळसे घालीत, पुन्हा पुन्हा मागे फिरत वर जातात.

या रेल्वेचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव सोलापूरकरांच्या ओळखीचे असेल. बार्शी लाइट रेल्वे त्याचीच, आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारा तिचा फाटा १९०६ मध्ये सुरू झाला. एकाच माणसाच्या अरुंद रुळांवरून, वर्षभराच्या अंतराने, महाराष्ट्रातील दोन प्रकारचे कौटुंबिक प्रवास धावू लागले: एक विठ्ठलाच्या दर्शनाला, दुसरा हवेला. पंढरीच्या गाडीत मुलांची गर्दी किती झाली असेल याची कल्पनाच करावी. वारकऱ्यांच्या मांडीवरील मुले आणि पीरभॉयांच्या गाडीतील मुले यांना एकत्र मांडून कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. (कुणी लिहीत असेल तर मला कळवा. नसेल तर विषय तुमचा!)

गाडी आल्यावर पालख्या मागे पडल्या, पण ओझी संपली नाहीत. स्थानकापासून बंगल्यापर्यंत, बंगल्यापासून पॉइंटांपर्यंत मुले आणि म्हातारी माणसे पूर्वीप्रमाणेच रिक्षेत बसत राहिली. गावात मोटारीला बंदी असल्याने रिक्षेला स्पर्धकही नव्हता. माथेरानची शांतता आपल्याला आवडते. तिथे हॉर्न नाही, धूर नाही, मूल हात सोडून पळाले तरी जीव दचकत नाही. ही शांतता टिकली ती इंजिनाऐवजी माणसे जुंपलेली होती म्हणून, हेही तितकेच खरे.

या गावात जन्मणाऱ्या मुलांविषयी सहलींच्या आठवणींत फारसे काही सापडत नाही. एकाचे नाव मात्र आपल्याला ठाऊक असते. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. हेच पुढे वकील झालेले भाई कोतवाल. माथेरान नगरपालिकेचे उपनगराध्यक्ष, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढणारे, धान्यकोठ्या उभारणारे, आणि १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडणारे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना हौतात्म्य आले. माथेरानला गेल्यावर मुलांना माकडे दाखवून झाली की हेही सांगावे. माझ्या भाचीला मी सांगितले. तिला माकडे अधिक आवडली.

स्वातंत्र्यानंतर मराठी मध्यमवर्ग वर येऊ लागला. पगारी रजा, शाळांच्या ठरलेल्या सुट्ट्या, पुढे स्वतःची मोटार. यांनी जे एके काळी शेठ-साहेबांचे होते ते आपले केले. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले आणि मोटारबंदीला नवा आधार मिळाला. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत लोहमार्ग वाहून गेला. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले, म्हणजे नेमके तिचे शंभरावे वर्ष. गाडी बंद पडली की भार पुन्हा माणसांवर आणि घोड्यांवर.

विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणाव्यात ही मागणी पर्यटकांनी केली नाही, ती हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच केली, आणि वर्षानुवर्षे केली. घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण त्यांचे पोट घोड्यावर. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा धावल्या. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. न्यायालयाने आपल्याच १९८० सालच्या, पंजाबातील सायकलरिक्षांविषयीच्या निकालाची आठवण दिली. त्या निकालाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

आमच्या रिक्षेतील पुढच्या काकांशी चढावर बोलणे शक्य नव्हते. सपाटीवर त्यांनी दम घेतला तेव्हा मी विचारले, मुलांना सुट्टीत कुठे नेता? ते म्हणाले, "मुलगा नेरळला शाळेत आहे. त्याला सुट्टी लागते तेव्हाच इथं गर्दी असते. मग आम्ही कुठं जाणार?" मागचे काका हसले. भाची तोवर रिक्षेत उभी राहून झाडे मोजू लागली होती. तिला बसायला सांगून ते पुन्हा निघाले.

आमच्या बॅगा एका बाईंच्या डोक्यावरून आमच्या आधीच पोहोचल्या होत्या. चाके असलेली ट्रॉली बॅग, पण मातीवर आणि दगडांवर चाके चालत नाहीत, म्हणून तीही डोक्यावर. २०२५चा आदेश हातरिक्षांविषयी आहे. डोक्यावरील ओझ्याविषयी तो नाही.