कठीण पाणी आणि घरगुती उपकरणे

कठीण पाणी (दुष्फेन पाणी) : कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले, साबणाला सहज फेस न येऊ देणारे पाणी. बोलताना त्याला जड पाणी, क्षाराचे पाणी किंवा नुसतेच ‘बोअरचे पाणी’ म्हणतात. काठिण्य एका लिटरमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मिलिग्रॅममध्ये मोजतात. प्रचलित वर्गवारीत ६० पर्यंतचे पाणी मृदू, १२० च्या पुढचे कठीण आणि १८० च्या पुढचे अतिकठीण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणी गीझरला मानवेलच असे नाही.

मुंबईला तानसा-वैतरणा-भातसा आणि पुण्याला खडकवासला अशा सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचे पाणी मिळते. ते बरेच मृदू असते. दख्खनच्या बेसाल्टातून झिरपून विहिरीत वा बोअरमध्ये उतरलेले पाणी मात्र वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलत येते. त्यामुळे उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी टाकीत मिसळू लागले, की त्याच शहरांतल्या इमारतींतही नळांच्या तोंडाशी पांढरी पुटे धरतात आणि डाळ शिजायला वेळ लागतो.

उपकरणांचे खरे नुकसान पाणी तापते तेथे होते. पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. हे तात्पुरते काठिण्य. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेले कायम काठिण्य उकळून जात नाही. ३०० मिलिग्रॅम काठिण्याच्या ५० लिटर पाण्यात १५ ग्रॅम क्षार असतात. रोज इतके पाणी तापवताना त्यांतला दहावा भाग जरी गीझरमध्ये बसला, तरी वर्षाला अर्धा किलोहून अधिक थर साचतो. हा थर उष्णतेचा दुर्वाहक आहे. कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जळते आणि शेवटी अतितापाने कॉइलचे आवरणच फुटते. तापताना टाकीतून येणारा तडतड आवाज ही बहुधा आधीची सूचना असते. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या खाली ठेवला तर थर सावकाश धरतो. इतका सोपा आणि फुकटचा उपाय दुसरा नाही. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा गंज रोखण्यासाठी असतो, क्षार रोखण्यासाठी नव्हे.

वॉशिंग मशीन थंड पाण्यावर चालत असेल तर तिच्यात थर कमी बसतो. तेथे भार कपड्यांवर पडतो : साबणाचा चिकट साका धाग्यांत अडकतो, कपडे करकरीत आणि मळकट होतात, पावडर जास्त लागते. डिशवॉशरमध्ये पाणी मृदू करणारी रेझिनची सोय बहुधा आतच असते. तिच्यासाठी त्या यंत्राचेच जाड मीठ वापरावे, खाण्याचे बारीक मीठ नव्हे. यंत्रावरचा काठिण्याचा आकडाही आपल्या पाण्याप्रमाणे लावावा. विदर्भातल्या कूलरमध्ये पाणी तापत नाही, तरी ते सतत उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ताट्या दगडासारख्या कडक होतात, हवा अडते. टाकीतले उरलेले पाणी दर काही दिवसांनी पूर्ण काढून टाकणे, हाच त्यावर उपाय.

बसलेला थर सायट्रिक ॲसिडच्या (लिंबूसत्त्व) द्रावणाने किंवा व्हिनेगरने निघतो. उपकरणाची वीज आधी बंद करावी. हे आम्ल संगमरवरावर सांडू देऊ नये आणि ब्लीचसोबत कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो. बाथरूम धुण्याचे तीव्र ॲसिड गीझरमध्ये ओतणे हा तर टाकी खराब करण्याचाच मार्ग.

पाणी मृदू करण्याच्या जुन्या पद्धतींपैकी एक चुन्याची : ॲबरडीनचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. घरांत व सोसायट्यांत आज रेझिनचे सॉफ्टनर बसवतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम अडवून हे रेझिन सोडियम सोडते आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा तयार होते. पिण्याचा नळ आणि झाडांचे पाणी त्यापासून वेगळे ठेवणे बरे. स्वयंपाकघरातला आरओ फक्त त्या एका नळापुरता असतो, गीझरला त्याचा काहीच फायदा नाही. टीडीएस मीटर सगळेच विरघळलेले क्षार एकत्र धरतो, काठिण्य वेगळे सांगत नाही. त्यामुळे सॉफ्टनर घेण्याआधी प्रयोगशाळेत काठिण्याची चाचणी करून घ्यावी. नळीला बांधायच्या चुंबकी पट्ट्यांचा उपयोग खात्रीने सिद्ध झालेला नाही. त्यांवर पैसे घालवू नयेत.